भलतेच मामा

संगणकाला माणसांचे चेहरे ओळखायला शिकवणं हा माझा व्यवसाय आहे, आणि स्वारगेटवरून मी भलत्याच मामांना घरी घेऊन आले.

मामा म्हणजे माझ्या सासूबाईंचे थोरले भाऊ. त्यांच्या मुलीच्या लग्नात आईंनी (सासूबाईंना मी आई म्हणते) जिलबीला नावं ठेवली, तेव्हापासून मामांनी पुण्याकडे तोंड केलं नव्हतं. आता आईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं म्हटल्यावर ते विरघळले. वाईच्या गाडीने येणार होते.

"मी आणते त्यांना," मी नवऱ्याला म्हटलं.

"तू कधी पाहिलंयस का त्यांना?"

"फोटो आहे ना! अरे, चेहरे हाच माझा विषय आहे!"

फोटोत फेटा आणि मिशा होत्या. गाडीतून उतरले ते सगळेच टोपी आणि मिशा! मी डोळ्यांमधलं अंतर, नाकाची ठेवण, हनुवटी असं सगळं शास्त्रशुद्ध ताडून एक मामा निवडले आणि धुरासाठी तोंडाला बांधलेल्या स्कार्फासकट वाकून नमस्कार केला.

"सूनबाई न्हवं का?" ते म्हणाले.

"हो!" झालं, खात्रीच पटली. (पुण्यातल्या निम्म्या बायका कुणाच्या ना कुणाच्या सूनबाई असतात आणि स्कार्फात सगळ्या सारख्याच दिसतात, हे तेव्हा सुचलं नाही.)

मार्केट यार्डापाशी कांद्याच्या ट्रकमागे गाडी अडकली आणि गप्पा रंगल्या.

"आन् पोरगं? बोलाय लागलं का?"

माझा मुलगा नववीत आहे. "कसलं बोलतोय, मामा! हाक मारली तर नुसतं हुं करतो."

मामा गंभीर झाले. "दवाखान्यात दावा, सूनबाई."

किती ही काळजी! मला अगदी भरून आलं.

घरी आई दारातच उभ्या. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यात अजून न काढलेला मोतीबिंदू! "दादा!" म्हणून त्यांनी पाहुण्यांच्या गळ्यात पडून हंबरडाच फोडला.

"माझं चुकलं रे! जिलबी चांगली होती!"

"आई, रडू नका! डोळ्याला पाणी लावायचं नाहीये!" मी ओरडले.

मामा क्षणभर घुटमळले. मग आईंच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "जिलबीचं काय घिऊन बसलीस, आक्का. गप बघू."

तेवढ्यात नवऱ्याचा फोन वाजला. "कोण, मामा? स्वारगेटला? मग हे..." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. फोनमधली गर्जना आम्हाला इथवर ऐकू येत होती. "कवाधरनं हुबा हाय! आता परतीच्या गाडीत बसतुया, आन् पुन्यात पुन्हा पाय ठिवायचा न्हाय!"

आईंच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. पाहुण्यांनी शांतपणे फोन मागून घेतला.

"रामराम, पाव्हणं. तुमच्या जागी मी आलोय. जिन्यातच वळाखलं, हे घर आपलं न्हाय. पर म्हातारी गळ्यात पडली, काय सांगू? तुमच्या भनीनं मागितलेली माफी माझ्याकडं हाय. मी ती ठिवून काय करू? येऊन घिऊन जावा."

पलीकडची गर्जना एकदम बारीक झाली. "रडली का?"

"लई."

"...गाडी पाठवा."

मी चावी उचलली. आई म्हणाल्या, "अहो पाहुणे, तुम्हीही जा हिच्याबरोबर. नाहीतर आणखी एक घेऊन येईल."

स्वारगेटला पोचताच मी फोटो उघडला. "ठिवा त्ये," म्हणत पाहुण्यांनी गर्दीवर नजर टाकली आणि बोट दाखवलं. "त्यो बघा. रुसलाय, पर तोंड वाईच्या गाडीकडं न्हाय, रस्त्याकडं हाय."

तेच मामा!

दोन्ही मामा पोटभर जेवले. मग भलते मामा बिबवेवाडीला, त्यांच्या खऱ्या सूनबाईकडे गेले. आवराआवर करताना मी आईंना म्हटलं, "रुसलेला माणूस इतक्या लांबून कसा हो ओळखू येतो?"

आई एका डोळ्याने माझ्याकडे बघत म्हणाल्या, "तुला तो जवळूनही येत नाही. नवरा सोमवारपासून रुसलाय तुझ्यावर."

मला वाटलं होतं, त्याचा चेहराच तसा आहे!