सात नंबरचं बनियन

मोखाड्याच्या मैदानावर कबड्डीची शेवटची लढत सुरू होण्याआधी आमच्याकडे एक रीत आहे. जुन्या संघातला जो खेळाडू वारला असेल त्याच्यासाठी कोणीतरी एकटा मैदानात उतरतो. समोर कोणी नसतं. मध्यरेषा ओलांडायची, एका दमात कबड्डी कबड्डी म्हणत पलीकडच्या शेवटच्या रेषेला हात लावायचा आणि दम न तोडता परत यायचं. पकडायलाच कोणी नाही म्हणून ती रिकामी चढाई. टाळ्या वाजवायच्या नाहीत. ही रीत कोणी पाडली ठाऊक नाही. आमच्यासारख्या, जन्मभर रेषेबाहेर बसून घसा फोडलेल्या माणसांनीच पाडली असणार, कारण खेळणाऱ्यांना असलं काही सुचायला वेळ नसतो.

मी स्वतः कधी खेळलो नाही. एकदा सरावाला उतरलो तो पहिल्याच पकडीत मनगट मोडून घेतलं, आणि तेव्हापासून संघाचा गुणलेखक झालो. एका सामन्यात समोरच्यांचे दोन गुण आमच्या नावावर लिहिले गेले. चुकून, असं मी आजही सांगतो. पुढे पंचायत समितीत कारकून झालो, तर आमचा जीपवाला म्हणाला, "बरोबर ठिकाणी लागलास." हा जीपवाला म्हणजे माझ्याइतकाच जुना कबड्डीवेडा. मोखाडा-जव्हार मार्गावर जीप हाकतो आणि सामना असला की प्रवाशांना मैदानाशीच उतरवून टाकतो.

आमचा संघ जामसरकडच्या पाड्यांतला. सात जणांपैकी चार आता नाहीत, उरलेले तिघे कामधंद्याला दूर पांगलेले. त्यातला एक आमचा चढाईवाला, सात नंबर. अंगाने काटकुळा, पण समोरच्याच्या हातात कधी सापडायचा नाही. परत येताना मध्यरेषेवर पाय टेकवून हसायचा, आणि ते हसू बघायला आम्ही साखरशेत गावापासून चालत यायचो. वीटभट्टीवर तापाने गेला, तेव्हा तिशीही गाठली नव्हती. मागे आई राहिली, ती अजून आहे.

यंदा आम्हा जुन्या लोकांनी ठरवलं, रिकाम्या चढाईच्या वेळी मागे चौघांच्या फोटोंचा मोठा फ्लेक्स लावायचा. तिघांचे फोटो घरून मिळाले. एकाचा लग्नातला, मुंडावळ्यांसकट, तसाच घेतला. चढाईवाल्याचा मात्र कुठे फोटोच नव्हता. ओळखपत्राचे फोटो काढायला माणसं पाड्यावर आली तेव्हाही तो भट्टीवर होता.

तेव्हा मला आठवला तो संघाचा फोटो! स्पर्धा जिंकल्यावर बाजारच्या दिवशी मोखाड्यात काढलेला. माझ्याच घरी भिंतीवर होता, पण इतके पावसाळे खाऊन चेहऱ्यांवर पांढरी बुरशी चढलेली. बनियनांवरचे आकडे तेवढे शाबूत. सात नंबर डाव्या टोकाला उभा. जीपवाल्याने चष्मा वर करून बघितलं.

"हाच. उभं राहायची ढब बघ ना."

"तीच ढब," मी म्हणालो.

फ्लेक्सवाल्याने चेहरा साफ करून देतो म्हटलं, आणि असा साफ केला की गडी दोन शेड गोरा झाला. मला काहीतरी खटकलं होतं, खोटं कशाला बोलू. पण मोठ्या कामात बारीक गोष्टीकडे बघायचं नाही ही माझी सवय जुनी आहे, आणि तिने मला एकदाही सोडलेलं नाही.

उत्साहाच्या भरात मी सगळ्यात मोठं काम आधीच उरकून टाकलं. पाड्यावर जाऊन त्याच्या आईला सांगून आलो.

ती नाचणी पाखडत होती. मी म्हणालो, "मावशी, यंदा मैदानावर यायचं. तुझा लेक दिसेल. फोटो मिळाला."

सूप थांबलं. तिने ते बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "मोठा हाय का? मला आता बारीक दिसत नाय."

"माणसाएवढा."

"त्याचं तोंड मला आता नीट येत नाय डोळ्यापुढं," ती म्हणाली. "हात येतात. पाय येतात. चालणं येतं. तोंड येता येता जातं." आणि पदर डोळ्यांना न लावता सरळ माझ्याकडे बघून विचारलं, "नक्की तोच ना रं, पोरा?"

"मावशी, मी काय चुकेन का?"

हे वाक्य मी म्हणालो. मी!

लढतीच्या दिवशी जीपवाला तिला पुढच्या सीटवर बसवून घेऊन आला. नवं लुगडं, हातात काठी. तिला पंचांच्या शेजारी खुर्ची दिली. आम्ही फ्लेक्स उलगडून बांबूंना बांधला. ती उठली, काठी टेकत जवळ गेली, आणि सात नंबरसमोर उभी राहिली. खालून वर बघत गेली. बनियनवर थांबली. मग चेहऱ्यावर गेली, आणि तिथे फार वेळ थांबली.

"हा माझा नाय," ती म्हणाली.

"अगं मावशी, फोटो जुना आहे, शिवाय साफ केलाय..."

"हे कान तुझे हायत."

माझे कान तालुक्यात प्रसिद्ध आहेत. शाळेत गुरुजींना धरायला सोपे जायचे. जीपवाल्याने फ्लेक्सकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा फ्लेक्सकडे. एरवी वर्षभर पुरेल असा विनोद त्याच्या हाताशी आला होता. त्याने टोपी काढली.

आणि मग मला सगळं आठवलं. ते विसरायला मी केवढी मेहनत घेतली असेन ते मलाच ठाऊक नाही. स्पर्धा जिंकलो त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे भट्टीच्या ट्रकला त्याला जायचं होतं. बनियन काढून माझ्या हातात दिलं होतं. म्हणाला होता, "फोटो मी आल्यावर काढा रं. आयला दाखवायचाय." पावसाच्या तोंडावर परत येणार होता. बाजारच्या दिवशी फोटोवाला समोर दिसला, सहा जण जमले होते, सातवं बनियन माझ्याकडे धुवून घडी केलेलं. थांबूया, असं कोणीतरी म्हणालं. मी म्हणालो, "कशाला थांबायचं? त्याच्या जागी मी उभा राहतो. कोणाला कळणार आहे?" मला एकदा ते बनियन घालून बघायचं होतं, एवढंच खरं. सगळे हसले. फोटो निघाला. पुन्हा संघ एकत्र उभा राहिला नाही, आणि त्या पावसाळ्याआधीच तो गेला.

हे मी तिला तिथेच, पंचांसमोर सांगितलं. चतुराई करायला जागाच उरली नव्हती. ती ऐकत होती, नजर फ्लेक्सवर.

"मला दाखवायचा म्हणाला?" तिने विचारलं.

"हो."

"असं म्हणाला?"

"असंच म्हणाला, मावशी."

तिने मान हलवली. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. ती खुर्चीवर जाऊन बसली आणि काठीने मैदानाकडे दाखवून म्हणाली, "जा. त्याची चढाई कोण करणार? तूच ना?"

ती करायचा मान मी महिन्यापूर्वीच हट्टाने मागून घेतला होता. चपला काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. मध्यरेषा ओलांडली, कबड्डी कबड्डी म्हणत शेवटच्या रेषेपर्यंत गेलो, वाकून हात लावला. परत फिरलो आणि सहा-सात पावलांत दम तुटला. मध्यरेषा दोन हातांवर होती. पंचाने सवयीने शिट्टी तोंडाशी नेली आणि तशीच खाली घेतली. मी उरलेलं अंतर चालत आलो. एवढ्या वर्षांत रिकाम्या चढाईत बाद झालेला माणूस मी एकटाच.

बाकी तिघांच्या चढाया व्यवस्थित झाल्या. लढतही झाली. कोण जिंकलं ते मी लिहिलं असणार, पण आठवत नाही.

लोक पांगले तेव्हा मी तो फ्लेक्स सोडायला गेलो. मला तो गुंडाळून कुठेतरी नाहीसा करायचा होता. ती मागे येऊन उभी राहिली.

"बनियन त्याचंच ना?" तिने विचारलं.

"त्याचंच. त्याच्या अंगावरून काढलेलं."

तिने काठी माझ्याकडे दिली, दोन्ही तळवे माझ्या चेहऱ्यावर ठेवले, फ्लेक्सवरच्या, कान झाकतील असे, आणि मान जरा मागे घेऊन खालचं बनियन बघत राहिली. जीपवाल्याने खालून जीपचा भोंगा वाजवायला हात उचलला असेल नसेल, वाजवला मात्र नाही. आम्ही दोघं थांबलो. त्या वेळी तरी मी थांबलो.

"एवढा तुकडा कापून दे," ती शेवटी म्हणाली. "गळ्यापासून खालचा."