माझ्या फोनची दगाबाजी

माणसांनी फसवलं तर मी समजू शकतो. पण स्वतःच्या खिशातल्या फोनने?

आमच्या घणसोलीच्या सोसायटीत नेटच्या स्पीडवर बोलायचा अधिकार फक्त माझा होता. कोणी दिला नव्हता, मीच घेतला होता. रोज चहाआधी फोनवर स्पीड टेस्ट करायची, काटा उजवीकडे पळाला की स्क्रीनशॉट सोसायटीच्या ग्रुपवर.

मग एकदा बायको म्हणाली, "टीव्हीवर सिरियल अडकतेय. नेट बघा जरा."

मी फोन तिच्या नाकासमोर धरला. "हा काटा बघ! नेट झकास आहे, टीव्ही म्हातारा झालाय." टीव्ही दुरुस्तीवाला येऊन धूळ पुसून गेला.

त्याच दिवशी घणसोली गावातल्या आमच्या नेटवाल्याचा फोन. "काका, तुमच्या लाइनीत फॉल्ट दाखवतंय. येऊ काय?" त्यालाही मी स्क्रीनशॉट पाठवला आणि वर हसलो.

अशात खालच्या मजल्यावरचा माझा दोस्त आला. रबाळ्याच्या कंपनीत आम्ही निवृत्तीपर्यंत एकाच शिफ्टला होतो. त्याच्या मुलीची वर्षभर नोकरीसाठी धडपड चालली होती. आता न्हावा शेव्याच्या एका ऑफिसची शेवटची मुलाखत, तीही ऑनलाइन.

"तुमच्याकडे बसवू का तिला? आमच्या नेटचा भरवसा नाही."

"विचारताय काय! माझ्या नेटवर डोळे मिटून विश्वास ठेवा."

मुलगी बापाबरोबर आली, लॅपटॉप वायफायला जोडला. "नमस्कार सर" म्हणाली आणि पडद्यावरचे साहेब तोंड उघडं ठेवून गोठले. दोस्ताने माझ्याकडे पाहिलं. मी घाईघाईने टेस्ट लावली. काटा सुसाट!

"लॅपटॉपच खराब आहे," मी निकाल दिला.

मुलीने माझा फोन हातात घेतला. "काका, वर काय लिहिलंय ते बघा. फाइव्ह जी. वायफाय बंद पडलं की तुमचा फोन आपोआप मोबाईल डेटावर जातो. तुम्ही घरचं नेट मोजतच नव्हता, सिमचं मोजत होता."

म्हणजे मी झोपेतून उठून ज्याच्यावर विश्वास ठेवायचो, तो गुपचूप दुसऱ्या घरी जेवत होता! आणि मी त्याची कौतुकं ग्रुपवर टाकत होतो.

तिने शांतपणे माझ्याच फोनचा हॉटस्पॉट लावला, साहेबांची माफी मागितली आणि पुन्हा सुरुवात केली. तोच दगाबाज फोन खिडकीत धरून, कोणाचा कॉल येऊ नये म्हणून देवाला विनवत मी उभा होतो. दोस्त दारात. माझ्याकडे मात्र बघत नव्हता.

नोकरी मिळाली. पेढे घेऊन तो वर आला.

"मला खात्रीच होती," मी म्हणालो.

त्याने पेढा बायकोच्या हातात ठेवला, बॉक्सचं झाकण लावलं आणि विचारलं, "वर काय लिहिलंय ते बघून बोलताय ना?"