निर्वात भांड्यातलं कुंकू

"मॅडमचा हात लागला असेल. ग्लोव्ह्ज घालायची सवय लागायला दोन-तीन पिढ्या जाव्या लागतात हो!"

सर हे सरकारी समितीसमोर बोलले. हसत हसत. माझ्याच यंत्राशेजारी उभे राहून, माझ्याकडे न बघता. समितीत तिघं होते, तिघंही मराठी. एक जण मोठ्याने हसला. समितीतल्या बाईंनी मोबाइलमध्ये डोकं घातलं. अध्यक्ष हसले नाहीत, पण काही बोललेही नाहीत. त्या न हसणाऱ्या अध्यक्षांनाही मी अजून माफ केलेलं नाही.

मी तिथेच उभी होते. दोन्ही हातांत ग्लोव्ह्ज चढवून.

आधी यंत्र काय होतं ते सांगते. स्टीलचं एक भांडं, घरातल्या पाण्याच्या पिंपाएवढं. पंपाने त्यातली जवळपास सगळी हवा काढून टाकायची. भांड्याच्या एका अंगाला सिरॅमिकची चकती, धातूच्या कड्यात भट्टीत सांधलेली. तो सांधा माझा. सूर्यात जशी ऊर्जा तयार होते तशी जमिनीवर तयार करायचे प्रयोग चालतात ना, त्या यंत्रात जोरकस लहरी सोडायला अशी खिडकी लागते. लहरी आत गेल्या पाहिजेत, हवा जाता कामा नये. लष्कराच्या रडारलाही तसलाच सांधा लागतो. बाहेरून मागवायचा तर परदेशी कंपन्या आपल्याला नाक घासायला लावतात. म्हणून सरकारने योजना काढली, छोट्या कंपन्यांनी संशोधन करावं, खर्च सरकार देईल.

छोटी कंपनी म्हणजे सरांची. लोअर परळला बंद गिरणीच्या मागे एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये दोन गाळे. वडिलांनी सुरू केलेली, सरांना आयती मिळालेली. सर दादरचे. बोलणं गोड, आवाज कधी चढायचा नाही. सांधा मी पीएचडी करताना शोधला होता. योजनेत अनुसूचित जातीच्या संशोधकांना प्राधान्य आहे हे सरांनी वाचलं आणि एका चर्चासत्रात ओझरती भेटलेली मी त्यांना एकदम आठवले. "प्रकल्पप्रमुख तुम्हीच व्हायचं," म्हणाले. मी हुरळून गेले. काळाचौकीला आमच्या चाळीत आईने अख्ख्या मजल्याला पेढे वाटले.

समिती आली त्या दिवशी अध्यक्षांनी पहिला प्रश्न विचारला, "प्रकल्पप्रमुख कोण?"

"कागदावर मॅडम आहेत," सर म्हणाले. आणि लगेच माझ्याकडे वळून, "मॅडम, जरा चहाचं बघता का?"

मी चहाचं बघितलं.

मग चाचणी. पंप आधीच चालू होता. दाब उतरत उतरत एका जागी आला आणि तिथेच ठाण मांडून बसला. पुढे हलेना. सगळे आकड्याकडे बघत उभे. सांध्यातून हवा येत असेल तर आकडा वेगळा वागतो, ते मला कळतं. हे तसं नव्हतं. आत काहीतरी होतं. काहीतरी ओलं. निर्वात भांड्यात उघड्या बोटाचा ठसाही चालत नाही. बोटावरचं तेल सुटत राहतं आणि पोकळी नासवतं. पाणी तर त्याहून वाईट. पण मी तोंड उघडायच्या आत सरांनी तो विनोद केला. हात लागला असेल मॅडमचा.

माझे आजोबा रत्नागिरीहून येऊन लालबागच्या गिरणीत लागले होते. साचाखात्यात, म्हणजे विणकामाला, त्यांना घेतलं नाही. तिथे पगार बरा होता. पण मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्यातला धागा तोंडाने ओढून काढावा लागायचा. आमच्या तोंडचा धागा दुसऱ्या कामगाराच्या तोंडात कसा जाणार? बाटेल ना तो! म्हणून आजोबा जन्मभर सूतखात्यात राबले. ही गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. मला वाटायचं, ती जुनी झाली. इतकी शिकले, इतक्या महागाच्या यंत्रांवर हात चालवला, मला खरंच वाटायचं तसं. सरांच्या त्या एका वाक्याने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

समिती जेवायला सरांच्या केबिनमध्ये गेली. दादरहून मसालेभात आणि अळूची भाजी मागवली होती. मी यंत्रापाशीच थांबले. राणेकाका, आमचे फिटर, बाजूला घुटमळत होते. मालवणकडचे, वडिलांच्या वयाचे.

"काका, सकाळी झाकण कोणी लावलं?"

"मीच लावलं गो. सरांनी सांगितलं, पूजा झाली, आता लाव झाकण."

"झाकण लावायच्या आधी पूजा झाली?"

काकांचा चेहरा पडला. "भटजींनी बाहेरूनच केली होती. सर म्हणाले, खरं काम आत होतंय, आत पण कुंकू लावा. मग भटजींनी आत पाणी शिंपडलं, अक्षता टाकल्या. मी म्हटलं, पुसू काय? सर म्हणाले, देवाचं आहे, पुसायचं नाही. मी काय बोलणार गो?"

इथे मला आदल्या संध्याकाळचं सांगितलं पाहिजे. भांडं आतून पुसून, स्वच्छ फॉइलने झाकून मी घरी गेले होते. सकाळी शेवटची नजर टाकून झाकण मीच लावायचं ठरलं होतं. घरी पोचते तेवढ्यात सरांचा फोन आला. "सकाळी छोटीशी पूजा ठेवलीय, आईचा फार आग्रह आहे. तुमच्यात हे नसतं ना? तुम्हाला उगाच ऑकवर्ड होईल. तुम्ही आरामात या, समितीच्या वेळेला आलात तरी चालेल." किती काळजी! आम्ही बौद्ध, आमच्या घरी पूजा नसते हे खरंच. पण मला पूजा करायची नव्हती, झाकण लावायचं होतं. सरांना मात्र मी पूजेच्या जागी नको होते. मला ते तेव्हाच कळलं होतं. मी "बरं" म्हटलं. मी आले तेव्हा बाहेर झेंडूचा हार होता, झाकण लागलेलं होतं, पंप घरघरत होता.

मी केबिनचं दार वाजवलं. सर बाहेर आले. दार त्यांनी मागे ओढून घेतलं. मी सांगितलं, आत पाणी आहे, कुंकू आहे, तुमच्या पूजेचं. त्यांनी क्षणभर डोळे मिटले. म्हणजे कळलं त्यांना. मूर्ख नाहीत ते.

"हे बघा," ते हळू आवाजात म्हणाले, "पूजेचं नाव काढू नका. वेगळाच वाद होईल. समितीला सांगा, पुसताना तुमच्याकडून राहून गेलं. सॉरी म्हणा. पुढची तारीख मिळेल."

"चूक तुमची आहे सर."

"तुम्हाला काय फरक पडतो? तुम्हाला माफ करतील ते. तुमच्याकडून असं होऊ शकतं, हे लोक समजून घेतात. माझ्याकडून झालं म्हटलं तर कंपनी बुडेल."

हे सगळं ते समजुतीच्या सुरात बोलत होते. त्यांना यात काही वावगं वाटत नव्हतं. माझं नाव पुढे केलं पैसे मिळवायला, आणि आता तेच नाव पुढे करायचं घाण पुसायला. सॉरी म्हटलं असतं तर तो सांधा, तो प्रकल्प, माझी सगळी वर्षं, एकाच वाक्यात संपली असती. या बाईला स्वच्छता जमत नाही. पुढे कुठल्याही समितीसमोर गेले असते तरी ते वाक्य माझ्याआधी आत जाऊन बसलं असतं.

"बरं" हा शब्द माझ्या तोंडापर्यंत आला होता. सवयीने. मी तो गिळला.

समिती जेवून बाहेर आली. सरांनी माझ्याकडे बघून मान हलवली, बोला म्हणून. मी बोलले.

"मी प्रकल्पप्रमुख आहे. कागदावरही आणि इथेही. ही चाचणी मी रद्द करते. राणेकाका, पंप बंद करा, आत हवा सोडा."

"मॅडम," सर म्हणाले.

"झाकण उघडा काका."

झाकण वर गेलं. दिव्याचा पिवळा उजेड आत पडला. स्टीलच्या चकचकीत भिंतीवर कुंकवाची बोटं, पाण्याने ओघळलेली. तळाला अक्षता. झेंडूची एक पाकळी, काळी पडलेली. अध्यक्ष वाकून बघत राहिले.

"हे काय आहे?"

"शुभ म्हणून," सर म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता.

"तुम्ही कसं काय करू दिलं?" अध्यक्षांनी मला विचारलं.

"मला बोलावलं नव्हतं. का नव्हतं ते सरांनी सांगावं."

समितीतला जो सकाळी हसला होता तो आता पंपाकडे फार लक्ष देऊन बघत होता.

इथे मी थांबायला हवं होतं, असं पुढे मला बऱ्याच जणांनी सांगितलं. बाजू सिद्ध झाली होती. पण मला बाजू सिद्ध करायची नव्हती. मी ग्लोव्ह्जचं खोकं घेतलं आणि सरांपुढे धरलं.

"घाला सर. आत पुसावं लागेल."

"राणे करतील ना."

"राणेकाकांनी लावलं नाही ते."

त्यांनी अध्यक्षांकडे बघितलं. अध्यक्ष काही बोलले नाहीत. या वेळी त्यांचं न बोलणं माझ्या कामी आलं. सरांनी ग्लोव्ह्ज घातले, कमरेत वाकले, भांड्यात डोकं घातलं. घाम आला म्हणून त्यांनी नाक पुसलं.

"नाकाला हात लावलात. ग्लोव्ह्ज बदला."

बदलले.

"शर्टाची बाही लागतेय आत. वर करा. पुन्हा बदला."

पुन्हा बदलले. कान लाल झाले होते.

"डाव्या अंगाला राहिलंय, सर. सवय लागायला वेळ लागतो."

खोटं कशाला बोलू, मला गोड वाटलं. पोटातून गोड वाटलं. कीव आली नाही. आजोबांसाठी म्हणून नाही, समाजासाठी म्हणून नाही, मला स्वतःला त्या माणसाची वाकलेली पाठ बघायची होती आणि मी ती पोटभर बघितली.

पुढे चाचणी झाली. भांडं तापवून, सुकवून, झाकण मी लावून. सांधा पक्का निघाला. पेपरात फोटो आला तो सरांचा. खाली छापलं होतं, "देशी तंत्रज्ञानाचा तरुण शिल्पकार". मी त्याच आठवड्यात कंपनी सोडली. मग सरांना कळलं की मूळ प्रकल्पप्रमुख नसेल तर दुसऱ्या टप्प्याची मदत मिळत नाही.

तेव्हा ते काळाचौकीला आले. पहिल्यांदाच. हातात मिठाईचं मोठं खोकं, जिना चढून धाप लागलेली. बाबा बँकेत शिपाई होते, आता निवृत्त आहेत. ते दारात सरांना बघताच खुर्चीतून उठले. खांद्यावरच्या पंच्याने खुर्ची झटकली. "बसा साहेब," म्हणाले आणि भिंतीला चिकटून उभे राहिले. माझ्या बाबांना कोणी उठायला सांगितलं नव्हतं. सरांनी एक शब्दही उच्चारला नव्हता. समितीसमोरचं वाक्य मला जेवढं लागलं नाही तेवढं हे लागलं.

"बाबा, तुम्ही बसा," मी म्हटलं.

"अगं, साहेब आलेत."

"बसा म्हणते ना."

बाबा अवघडून बसले. घरात खुर्ची एकच होती. सर उभे राहिले.

"झालं गेलं विसरून जाऊ," सर म्हणाले. "हे देशाचं काम आहे. तुमच्या-माझ्या रागापेक्षा मोठं."

"देशाचं काम मी करणार आहे. तुमच्याबरोबर नाही."

"एकट्या काय करणार तुम्ही?"

"ते तुम्हाला दिसेल."

मिठाईचं खोकं मी त्यांच्या हातात परत दिलं. जिना उतरताना त्यांची पावलं ऐकू येत होती. आई म्हणाली, एवढं तोडून बोलायला नको होतं. बाबा मात्र खुर्चीतून उठले नाहीत.

आता घोडपदेवला माझा एक गाळा आहे. छत गळकं, भट्टी जुनी, पण माझी. राणेकाका परळ सोडून माझ्याकडे आलेत. मी बोलावलं नव्हतं, आले, आणि मी ठेवून घेतले. सरांकडचा भट्टीवाला मात्र मी बोलावून आणला. पुढच्या महिन्यात आणखी एक जण येईल. एकेक करून सगळे आणणार आहे.

लोक सांगतात, मोठ्या मनाने सोडून दे. मोठं मन ज्यांना परवडतं त्यांनी ठेवावं. योजनेची नवी फेरी निघाली आहे. अर्ज सरांचाही आहे, माझाही. सरांनी नवा प्रकल्पप्रमुख नेमलाय आणि चाचणीला ठेवलाय तो माझाच जुना सांधा. पोकळी तो धरतो. पण या फेरीत तो सारखा तापवून, सारखा थंड करून बघणार आहेत. तसं केलं की त्याच्या कडेला तडा जातो. हे मला कंपनी सोडल्यावर माझ्या भट्टीत कळलं, त्यावरचा उपायही तिथेच सापडला. सरांना दोन्हींतलं काहीच माहीत नाही. चाचणीतच फुटेल तो, कोणाच्या जिवाला धोका नाही. नाक फक्त सरांचं कापलं जाईल, आणि तेही सगळ्यांसमोर.

मी त्यांना सांगणार नाही. फोन करणार नाही, निरोप धाडणार नाही. त्या दिवशी मी तिथे असेन, अगदी पुढे, आणि तडा जाताना मान वळवणार नाही.