बीरगांवचं वाळवंट

"झूम पायात रायते," असं म्हणायचं आणि मागे न बघता चार पावलं मागे सरकायचं, ही भाऊंची फोटो काढायची रीत. तुमच्या ओळखीतही असा फोटो काढणारा कोणी असेलच, पण तो निदान मागे बघून सरकत असेल. आमचे भाऊ माझ्या पुतणीच्या साखरपुड्यात सरकत सरकत थेट कढीच्या पातेल्याला जाऊन टेकले. वर आचाऱ्यालाच विचारलं, "पातेलं इथं काहून ठेवलं?" फोटो मात्र असा आला की पुतणीच्या सासरी आज तोच भिंतीवर आहे. मुद्दाम बोलावलेल्या फोटोग्राफरचा अल्बम कपाटात पडून आहे.

कॅमेरा म्हणाल तर साबणाच्या वडीएवढा. दोन पेन्सिल सेलवर चालणारा, रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या दुकानातून घेतलेला. सेलचं झाकण तुटलं तेव्हा त्यावर रबर बँड चढला, तो कायमचाच. रेल्वेच्या ऑफिसात आमची टेबलं शेजारशेजारी होती. ते वयाने मोठे, म्हणून मी त्यांना भाऊ म्हणायचो आणि त्यांच्या बायकोला वहिनी. एकदा आमच्या साहेबांनी आपला नवाकोरा, हातभर भिंगाचा कॅमेरा सगळ्यांना दाखवला. भाऊंनी तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "छान आहे साहेब. याच्यात माणसाले चालायचं कामच नाही." साहेबांना ती स्तुती वाटली. त्यांनी भाऊंना चहा पाजला.

निवृत्त झाल्यावर तर त्यांच्या या नादाला ऊतच आला. घराबाहेर टाकलेलं प्रत्येक पाऊल म्हणजे मोहीम. गळ्यात कॅमेरा, डोक्यावर टोपी, खांद्याला पाण्याची बाटली. मी कधी घरी गेलो आणि विचारलं, "वहिनी, भाऊ कुठे?" की वहिनी कणीक मळता मळता सांगायच्या, "मोहिमेवर. कोथिंबीर आणाले गेले. भाजी शिजली, आता ते उद्याच्या भाजीत टाकू." भाऊ यायचे ते कोथिंबिरीशिवाय, पण रस्त्यात बसलेल्या म्हशीचा आणि तिच्यामागे अडकलेल्या ट्रकांचा फोटो घेऊन. तो पाहिला की आपण रोज त्याच रस्त्याने डोळे मिटून जातो की काय, असं वाटायचं.

खरी मोहीम एकच झाली. रेल्वेच्या पासावर दोघं जैसलमेरला जाऊन आले. वहिनी उंटावर बसल्या आणि उतरेपर्यंत त्यांनी डोळे उघडले नाहीत. "वाळवंट पाहिलं का वहिनी?" असं विचारलं तर म्हणायच्या, "उंटाचा वास पाहिला." भाऊंनी तिथून जो फोटो आणला त्यात काटेरी झुडपं होती, एक बकरी होती, चिप्सचं रिकामं पाकीट होतं आणि वहिनींची एक चप्पल. मी म्हटलं, भाऊ, हे कसलं वाळवंट? ते म्हणाले, "असंच रायते बाबू. सिनेमावाले आधी झाडून घेतात."

त्यांचं घर शहराच्या टोकाला, बीरगांवात. नोकरीत असतानाच बांधलेलं. मागे मोकळं मैदान, मैदानापलीकडे कारखान्यांची धुरांडी. मग त्या मैदानात एका कारखान्याने राख टाकायला सुरुवात केली. आधी एक ट्रक, मग रोजचेच ट्रक. बघता बघता घरामागे टेकड्या उभ्या राहिल्या. गच्चीवर घातलेले पापड संध्याकाळी करडे होऊन खाली यायचे. वहिनींना खोकला लागला, मग दम लागायला लागला. डॉक्टरांनी औषध दिलं आणि सांगितलं, धुळीपासून लांब राहा. लांब म्हणजे कुठे, ते काही त्यांनी लिहून दिलं नाही. भाऊंची झोप उडाली. हा माणूस जन्मात कोणाशी भांडला नव्हता, तो आता अर्ज घेऊन एका सरकारी ऑफिसात खेटे घालायला लागला. त्यांना दुसरं काही नको होतं. ती राख तेवढी उचलायची होती.

तिथले साहेब म्हणाले, "राख? कहां है राख? कुछ प्रूफ तो लाइए."

भाऊंना काय, एवढंच पाहिजे होतं. संध्याकाळी गच्चीवर गेले, मागे सरकत सरकत टाकीला टेकले आणि फोटो काढला. दुसऱ्या दिवशी मीही सोबत होतो. साहेबांनी फोटो हातात घेतला, उजेडाकडे धरला. मग हाक मारली, "अरे भई, इधर आओ सब, देखो क्या चीज है." सगळं ऑफिस गोळा झालं. वाऱ्याने राखेवर लाटा उमटल्या होत्या, उन्हाने त्या सोनेरी झाल्या होत्या.

"पूरा राजस्थान है," साहेब म्हणाले.

"साहब, ये राख है. मेरे घर के पीछे है."

"हव, हव. पर लाइट क्या पकड़ी है आपने."

चहा आला, बिस्किटं आली. अर्ज कुठे गेला देव जाणे. पुढच्या खेपेला गेलो तर तो फोटो साहेबांच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर लावलेला. साहेब अभिमानाने म्हणाले, "देखिए, आपको भूले नहीं हैं."

तेव्हा भाऊंनी ठरवलं की आता वाईट फोटो काढायचा. हसू नका, माणूस फार मनापासून कामाला लागला होता. भर दुपारी काढला, तर सावल्या अशा धारदार पडल्या की काय सांगावं. कॅमेरा वाकडा धरला, तर माझा पोट्टा म्हणाला, "पापा, ये तो एकदम मॉडर्न है." शेवटी भिंगाला खोबरेल तेल फासलं. फोटो धुकट आला, आणि त्या धुकटपणानेच तो स्वप्नातल्यासारखा दिसायला लागला. भाऊ माझ्यासमोर खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मले वाईट फोटो काढताच येत नाही रे." दुसरा कोणी असं म्हणाला असता तर मी त्याला फाडून खाल्लं असतं. भाऊंच्या डोळ्यांत पाणी होतं. आतल्या खोलीत वहिनी खोकत होत्या.

त्याच हिवाळ्यात आमच्या मराठी मंडळाने प्रवासातल्या फोटोंचं प्रदर्शन भरवलं. उद्घाटनाला पाहुणे म्हणून बोलावले ते नेमके राख टाकणाऱ्या कारखान्याचे मालक. भाऊंनी लगेच दोन फोटो दिले. एक जैसलमेरचा, बकरीवाला. दुसरा घरामागचा, सोनेरी. दोन्हींखाली आपल्या हाताने गावाच्या नावाच्या चिठ्ठ्या लावल्या. "मालकाले डोळ्यानं दिसू दे," मला म्हणाले, "दिसलं का माणूस लाजते."

आता आमच्या मंडळाची समिती कशी, ते सांगतो. सगळे चौबे कॉलोनीतले, हुशार, नीटनेटके लोक. जैसलमेर समितीतल्या कोणी पाहिलेलं नव्हतं, आणि बीरगांव तर त्याहून नाही. अध्यक्षांनी फोटो पाहिले, चिठ्ठ्या वाचल्या आणि प्रेमाने हसले. "भाऊंचं वय झालं हो. अदलाबदल केली बिचाऱ्यांनी." त्यांनी स्वतःच्या हाताने चिठ्ठ्या काढल्या आणि चुकीच्या जागी नीट चिकटवल्या. मी तेव्हा खुर्च्या मांडत होतो. मला कळलं ते पाहुणे आल्यावर.

पाहुणे सोनेरी फोटोसमोर थांबले. "वाह, जैसलमेर. हम तो हर साल जाते हैं. इसी टीले पर तो हमारा टेंट लगता है." शेजारच्या फोटोपाशी त्यांनी नाक मुरडलं. "और ये बीरगांव. देखिए, लोग कितना कचरा फैलाते हैं." मग त्यांनी स्वच्छतेवर भाषण केलं. चिप्सच्या त्या पाकिटाचा दोनदा उल्लेख झाला. पहिलं बक्षीस अर्थातच भाऊंना.

शाल अंगावर, नारळ हातात, अशा अवस्थेत भाऊ माइकसमोर उभे राहिले. एकेक शब्द सुटा होता. "साहब, ये जैसलमेर नहीं है. ये मेरे घर के पीछे का है. आपके कारखाने की राख है. मेरी घरवाली को सांस नहीं आती. इतना उठवा दीजिए, बस."

अध्यक्षांचा चेहरा पांढरा पडलेला. मला वाटलं, झालं, आता काहीतरी होणार. पाहुणे पुन्हा फोटोपाशी गेले, बराच वेळ पाहत राहिले आणि वळले तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता.

"मतलब," ते म्हणाले, "ये हमारा है?"

पुढचं तुम्ही कदाचित स्वतःच जाऊन पाहिलं असेल, कारण निम्मं रायपूर जाऊन आलं. मैदानाला कुंपण लागलं, रंगीत दिव्यांची कमान आली, दोन उंट आले. कमानीवर मोठ्या अक्षरांत 'डेझर्ट पॉइंट' लिहिलं. लोकांना टेकड्या लहान वाटतात म्हणून आणखी राख आणून टाकली. नवरानवरी लग्नाआधी तिथे फोटो काढायला यायला लागले. आमच्या मंडळाची कौटुंबिक सहलही तिथेच गेली. उंटांपैकी एक खोकायचा, त्याला लोक हसायचे. भाऊंना उद्घाटनाचं आमंत्रण होतं, फीत कापायला. ते गेले नाहीत. ते पुन्हा अर्ज घेऊन जुन्या साहेबांकडे गेले, तर साहेब हळहळले. "अब तो वो पर्यटन हो गया ना. हमारे विभाग में नहीं आता."

मुलगी यवतमाळला असते. ती केव्हाची म्हणत होती, इकडे या. वहिनी ऐकत नव्हत्या. "घर मी उभं केलं. मी काहून जाऊ? राखेनं जावं." बोलताना मध्ये दोनदा थांबावं लागायचं, पण वाक्य पूर्ण करायच्या. मग एकदा त्यांना दवाखान्यात नेऊन नाकाला नळी लावावी लागली. तिथून परतल्यावर भाऊंनी त्यांना काही विचारलं नाही. सामान बांधायला घेतलं. मला त्या माणसाची फार दया आली आणि माझ्या गावाचा फार राग आला, तो अजून गेलेला नाही.

निघायच्या दिवशी मी मदतीला गेलो. रविवार होता, गल्लीत गाड्यांची रांग. रिक्षा कशीबशी दारापर्यंत आणली. वहिनींना आत बसवलं, त्यांनी पदर तोंडावर धरला. भाऊंनी घराला कुलूप लावलं, तेवढ्यात एक नटलेलं जोडपं त्यांच्यापाशी आलं. पोरीने फोन पुढे केला. "अंकल, एक फोटो खींच देंगे? पीछे टीला आना चाहिए."

भाऊंनी फोन घेतला. चष्मा सारखा केला. त्या दोघांना खांद्याला धरून हळूच वळवलं, थोडं डावीकडे, आणखी थोडं. आणि मागे न बघता चार पावलं मागे गेले. कशाला टेकू नयेत म्हणून मी त्यांच्या पाठीमागे हात आडवा धरून उभा होतो.

पोरीने फोटो पाहिला. ती दोघं त्यात हसत होती. त्यांच्यामागे कुलूप लावलेलं दार होतं, करडी झालेली तुळस होती आणि रिक्षात तोंडावर पदर धरलेली एक बाई होती, अगदी स्पष्ट.

"अंकल, इसमें तो रेत आई ही नहीं."

"रेत है ही नहीं, बेटा," भाऊ म्हणाले. "राख है."

ते रिक्षात बसले. वहिनींना हसू आलं, हसताना ढास लागली, भाऊ त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले आणि रिक्षा गाड्यांच्या रांगेतून वाट काढत वळली. पोरीने ओढणीने फोन पुसला आणि माझ्याकडे वळली.

"अंकल, आप खींच दो ना. वो टीले वाला."