मास्तरीणबाईंचं वादळ

कटिंगमास्तरांना गावात दोन गोष्टींसाठी मान होता. एक म्हणजे त्यांच्या हाताखाली गेलेलं डोकं बाहेर पडताना चार वर्षांनी तरुण दिसायचं. आणि दुसरं, ते बुडालेल्या जहाजातून जिवंत परत आले होते. पहिला मान त्यांनी स्वतः कमावला होता. दुसऱ्याचा सगळा कारभार बायकोकडे होता.

तरुणपणी मास्तर सहलीच्या एका अगडबंब जहाजावर न्हावी होते. जहाज कसलं, पाण्यावर सोडलेलं शहरच ते. पोहायचे तलाव, नाटकाचं सभागृह, माणूस हरवेल एवढी जेवणघरं, आणि एका कोपऱ्यात तीन खुर्च्यांचं मास्तरांचं सलून. ते जहाज एका बेटाजवळ खडकावर घासलं आणि बुडालं. मास्तर घरी आले, किनाऱ्यावर दुकान टाकलं आणि झाला प्रकार बायकोला एकदा सांगायला बसले. नीटसा सांगून व्हायच्या आतच मास्तरीणबाईंनी तो ताब्यात घेतला, आणि मग तो सांगायची पाळी मास्तरांवर कधी आली नाही.

मास्तरीणबाई ती गोष्ट अशी रंगवत, की ऐकणाऱ्याने टॉवेल मागावा. आभाळ फाटलंय, विजा कडाडताहेत, जहाज काड्यापेटीसारखं उडतंय! लाटा सुरुवातीला दोन मजली होत्या. लेक शाळेत जायला लागेपर्यंत त्या तीन मजली झाल्या आणि ती कॉलेजात गेली तेव्हा पाच. मास्तर शेजारी बसून मान डोलवत. संसार सुरळीत चालायचा असेल तर बायकोच्या लाटांना पट्टी लावू नये, एवढं शहाणपण त्यांच्याकडे होतं.

हे शहाणपण त्यांना महागात पडलं ते लेकीमुळे. लेकीने जहाजाचं शिक्षण घेतलं आणि तिला फोन आला, की शिकाऊ अधिकारी म्हणून तुमची निवड झाली आहे, येताय का? तेही सहलीच्याच जहाजावर. मास्तरीणबाईंनी एका शब्दात निकाल दिला, "नाही." आणि त्या शब्दाला टेकू म्हणून आपल्या धाकट्या भावाला बोलावून घेतलं. लेकीचे हे मामा स्वतः आंघोळीच्या बादलीलासुद्धा भिऊन असत.

संध्याकाळी स्वयंपाकघरात बैठक बसली. चहा आला. लेक मान खाली घालून टेबलाचा कोपरा नखाने खरवडत होती. दुसऱ्या दिवशी तिला होय की नाही ते कळवायचं होतं.

"अहो, सांगा तिला," मास्तरीणबाई म्हणाल्या. "माझं ऐकत नाही, तुमच्या तोंडून तरी ऐकू दे. वादळ कसं होतं ते सांगा."

"हो दाजी, त्या पाच मजली लाटांचं सांगा," मामांनी री ओढली.

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं, मग लेकीकडे पाहिलं. मान डोलवली तर पोरगी घरी बसणार. नाही डोलवली तर आपल्याला ह्याच घरात राहायचंय. त्यांनी घसा खाकरला.

"वादळ नव्हतं."

मामांच्या हातातली बशी तोंडाजवळच थांबली.

"काय नव्हतं?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"वादळ. समुद्र तुझ्या ह्या ओट्यासारखा होता. पुसून ठेवलेला."

"आणि लाटा?" मामा कळवळून म्हणाले. ऑफिसात त्या लाटांच्या जिवावर त्यांनी आजवर पुष्कळ चहा फुकट प्यायला होता.

"मग एवढं धूड बुडालं कसं?" मास्तरीणबाई कडाडल्या. "पाय घसरून?"

"जवळजवळ तसंच," मास्तर म्हणाले आणि इतक्या वर्षांनी पहिल्यांदा ती गोष्ट स्वतः सांगायला लागले.

सूर्य बुडायची वेळ होती. पाहुण्यांना बेटावरचं दीपगृह जवळून दिसावं, फोटो झकास यावेत, म्हणून कप्तानाने जहाज नेहमीची वाट सोडून बेटाला खेटून नेलं. खडक नकाशात होता. तो काही त्या दिवशी सकाळी येऊन बसला नव्हता. पण असल्या फेऱ्या आधीही मारल्या होत्या आणि काही झालं नव्हतं, त्यामुळे नकाशाकडे बघायचं ते शेजाऱ्याच्या घड्याळाकडे बघावं तसं, उडतउडत. मास्तरांच्या खुर्चीत एक जाडजूड पाहुणे होते, अर्धी दाढी झालेली. तेवढ्यात खालून आवाज आला, बोथट वस्तरा कोरड्या गालावरून ओढावा तसा, खर्रर्र. आणि तो थांबेचना.

"पाहुणे म्हणाले, हा तुमचा वस्तरा का? मी म्हटलं, नाही साहेब, हा जहाजाचा."

दिवे गेले, आले. कर्ण्यावरून घोषणा झाली, विजेचा किरकोळ बिघाड आहे, मजेत राहा.

"आणि तुम्ही काय केलंत?"

"दाढी चालू ठेवली."

"जहाज बुडतंय आणि तुम्ही दाढी करताय?"

"अगं, अर्धी झाली होती! अर्ध्यावर कसं सोडणार? मग वस्तरा धुवायला वळलो तर बेसिनमधलं पाणी तिरकं. पाणी कधी तिरकं राहत नाही, म्हणजे बेसिन तिरकं. म्हटलं साहेब, उठा. तसेच निघालो. होडीत सगळे त्यांच्याकडे दोन्ही बाजूंनी बघत होते."

लेक पहिल्यांदा हसली. तिने उठून फ्रीजमधून बर्फाचा पत्र्याचा ट्रे काढला, खडे भांड्यात पाडले आणि रिकामा ट्रे पाण्याच्या टबात सोडला. तो डौलात तरंगला. मास्तरीणबाईंनी सवयीने हात लांब करून तिच्यामागे फ्रीजचं दार लावलं.

"हे बघ आई. जहाजाच्या पोटात अशाच खोल्या असतात. एखाददुसऱ्या खोलीत पाणी शिरलं," तिने कडेच्या कप्प्यात चमचाभर पाणी ओतलं, "तरी जहाज तरंगतं. तसं बांधलेलंच असतं. पण खडकाने एक भोक नाही पाडलं, लांबलचक चीर पाडली."

"वस्तरा टोचला तर थेंबभर रक्त," मास्तर उत्साहाने म्हणाले, "पण आडवा ओढला तर..."

"दाजी, चहा पितोय," मामा म्हणाले.

लेक ओतत राहिली. ट्रे एका बाजूला कलला. कप्प्यांच्या भिंती वरपर्यंत नव्हत्याच. कलल्यावर पाणी एका कप्प्यातून पुढच्यात आपोआप सांडायला लागलं.

"पाणी उपसायचे पंप नसतात का?" मास्तरीणबाईंनी विचारलं. डोळे ट्रेवरून हलत नव्हते.

"असतात. पण त्यांना वीज लागते. आणि वीज करणारी यंत्रं नेमकी चीर पडलेल्या खोल्यांत."

"आणि खोल्यांमध्ये दारं होती," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज जरा खाली आला. "लोखंडी, पक्की. पण धोबीघराच्या ढकलगाड्या दिवसभर जायच्या-यायच्या. दर खेपेला दार उघडा, लावा, कोण करणार? म्हणून उघडीच ठेवायचे. सगळ्यांना माहीत होतं. धोबीघरातला माझा दोस्त, दर पंधरवड्याला केस कापायला यायचा. तो वर आला नाही."

टबात ट्रे आडवा झाला आणि गुपचूप तळाला गेला.

"जहाज एका अंगावर झुकलं की वरच्या अंगाच्या होड्या खाली सोडता येत नाहीत," लेक हळूच म्हणाली. "म्हणून जहाज सोडा, हे वेळेत सांगायला हवं होतं."

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. "वादळ असतं तर मीच हिला जाऊ दिलं नसतं. वादळाला कोण काय शिकवणार? पण त्या जहाजाला कुणी बुडवलं? चार आळशी माणसांनी आणि एका हौशी माणसाने. तिथे दार लावणारं एक माणूस हवं होतं गं."

भाषण फर्मास झालं होतं. मास्तर स्वतःवरच खूश झाले, आणि तिथेच फसले.

"दार लावणारं माणूस?" मास्तरीणबाई सावकाश म्हणाल्या. "ही? आत्ता बर्फ काढला, फ्रीजचं दार कुणी लावलं? मी! हिच्या कपाटाचं दार उघडं, न्हाणीघराचं उघडं, गॅसचं बटण मी फिरवायचं. आणि हिच्या हाती जहाजाची दारं?"

एवढं बिनतोड उत्तर पाच मजली लाटांमध्येसुद्धा नव्हतं. मामांनी समाधानाने उरलेला चहा संपवला.

"आई, शिकेन," लेक म्हणाली.

"शीक. उद्या होय म्हणून कळव. पण निघेपर्यंत घरात एक दार उघडं सापडलं, तर जहाज तुझ्याविना जाईल."

त्यानंतर त्या घरात जे सुरू झालं त्याला वादळ म्हणायला हरकत नव्हती. लेक दिसेल ते दार लावत सुटली. मामांचा सदरा कपाटात अडकला, तो मामांसकट. दुकानात गिऱ्हाईक अर्धं आत आलं की मागून दार. मास्तरीणबाई मुद्दाम सापळे लावत, कुठे ओट्याखालचा खण अर्धा उघडा, कुठे माळ्याची झडप. लेक येता-जाता कोपराने, टाचेने, एकदा तर कपाळाने ते बंद करी. मास्तर रात्री झोपेतून उठून स्वतःच सगळी दारं तपासून येत आणि पोरीचं काही राहिलेलं सापडलं नाही की खुशीत पांघरूण ओढत.

निघायचा दिवस आला. दारात गाडी, सामान वर, मामा डोळे पुसताहेत. लेक शेवटची फेरी मारायला आत गेली. गॅसचं बटण, खिडक्या, फ्रीज, कपाटं, सगळं बघून बाहेर आली आणि पुढचं दार ओढून घेतलं. खट्.

मग तिचा चेहरा पडला. "आई, किल्ली आत आहे."

मास्तर आपले खिसे चाचपू लागले. गाडीवाल्याने हॉर्न दिला. मास्तरीणबाई पायरी चढल्या, दाराला हात लावला, ढकललं. मग पदर खोचून खांदा दिला. दार तसूभर हललं नाही.

"पाणी शिरेल का गं ह्यातून?"

"नाही," लेक चाचरत म्हणाली.

"मग जा. गाडी थांबलीये."

लेक गेली. कुलूपवाला येईपर्यंत तिघं पायरीवर बसून राहिली. तो आला, अवजारं काढली आणि सहज म्हणाला, "जहाजावर गेली ना पोरगी? भीती नाही वाटत? मास्तरांचं जहाज त्या वादळात..."

"कसलं वादळ?" मास्तरीणबाईंनी त्याला तिथेच तोडलं. "वाऱ्याची झुळूक नव्हती! अहो, समुद्र इतका शांत, इतका शांत, की खालचे मासेसुद्धा कुजबुजत बोलत होते."

मास्तरांनी मान डोलवली.