ट्रान्सफॉर्मर कुणाच्या दारात

बनशंकरीतल्या आमच्या गल्लीत संध्याकाळी दिवे जात नाहीत, पिवळे पडतात. गेले असते तर निदान तक्रार तरी करता आली असती. व्होल्टेज कमी आहे म्हणून फोन केला की पलीकडून विचारतात, "करंट आहे ना? मग?" पंख्याची पाती मोजता येतात, फ्रीज कण्हत राहतो आणि अप्पांच्या उशाशी ठेवलेलं ऑक्सिजनचं मशीन पीं पीं करायला लागतं.

अप्पा म्हणजे माझे वडील. फुप्फुसं कामातून गेल्यापासून त्यांचा श्वास त्या मशीनवर चालतो आणि मशीनला पुरेसं व्होल्टेज लागतं. स्टॅबिलायझर लावून झाला. यूपीएस घेतला, तर कमी व्होल्टेजवर त्याच्या बॅटऱ्याच धड भरेनात. शेवटी एक सिलिंडर आणून ठेवला. मशीन ओरडलं की हातातलं टाकून धावायचं आणि नळी सिलिंडरला जोडायची, हा माझा संध्याकाळचा उद्योग. भाजी आणायला गेले तरी माझा अर्धा जीव घरात असतो. मी परत येईपर्यंत मशीन बंद पडलं तर काय?

आम्ही निपाणीकडून येऊन इथं घर बांधलं तेव्हा गल्लीत सगळी बैठी घरं होती. आता घरांवर मजले चढलेत, मजल्यांवर पीजी निघालेत, खोलीखोलीत गीझर आणि एसी. ट्रान्सफॉर्मर मात्र तेव्हाचाच, तोही पलीकडच्या रस्त्यावर. वीज कार्यालयात मी इतके खेटे घातले की मला बघितल्यावर तिथला शिपाई न विचारता खुर्ची पुढं करायचा. अखेर आमच्या गल्लीसाठी नवा ट्रान्सफॉर्मर मंजूर झाला. साहेब म्हणाले, "जागा तुम्ही दाखवा. लोकांनी हरकत घेतली तर आम्ही परत नेऊ. मग तो दुसऱ्या गल्लीला जाईल."

मला वाटलं, यात कसली आलीय हरकत! पण ट्रान्सफॉर्मर सगळ्यांना हवा होता आणि तो शेजाऱ्याच्या दारात हवा होता. कोपऱ्यावरच्या कानडी अक्का म्हणाल्या, "आमचं गेट पूर्वेला आहे, वास्तूला चालत नाही. स्वल्प, थोडा पुढं सरकवा की." पुढच्या घरवाल्यांना तो फुटेल अशी भीती वाटत होती. समोर भाड्यानं राहणारा पुण्याचा आयटीवाला म्हणाला, "ॲक्च्युअली ताई, आमच्या गाडीच्या चार्जिंग पॉइंटला अडचण होईल." त्याच गाडीच्या चार्जिंगनं रोज संध्याकाळी आमचे दिवे आणखी पिवळे पडत होते, पण हे त्याला सांगून काय उपयोग! सगळी सभ्य माणसं. चहा पाजून नाही म्हणत होती.

अप्पा पलंगावरून एकेकाचा उद्धार करायचे. "लेकाचे स्वार्थी! शेजारी माणूस गुदमरायलाय आणि ह्यांना गेटाची शोभा पडलीय." शिव्या घालताना त्यांना धाप लागायची आणि मी त्यांना गप्प बसवायची.

मग एका सकाळी ट्रक आला. ट्रकवर ट्रान्सफॉर्मर, दोन खांब आणि कामाची माणसं. गल्ली गोळा झाली आणि तीच रडगाणी पुन्हा सुरू झाली. मुकादम थोडा वेळ ऐकत उभा राहिला आणि मग ड्रायव्हरला गाडी वळवायला सांगू लागला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ओरडले, "आमच्या गेटासमोर बसवा!" क्षणात सगळे गोड झाले. "सरी, सरी, बरोबर आहे. तुमच्याकडेच गरज जास्त आहे, नाही का?" असं अक्का म्हणाल्या तेव्हा मी त्यांच्याकडे बघायचंही टाळलं.

खांब आणि भोवतीचं कुंपण आलं की आमच्या गेटाचं एकच दार उघडणार होतं. मी आत जाऊन अप्पांना तसं सांगितलं.

"नको," अप्पा म्हणाले.

मला वाटलं, त्यांना नीट ऐकू आलं नसेल. मी पुन्हा सांगितलं.

"ऐकू आलं मला. आपल्या गेटासमोर नको. त्यांना म्हणावं, परत न्या."

मी डोक्याला हात लावला. ज्यांच्या श्वासासाठी मी दारोदार हिंडले, ते स्वतःच हरकत घेत होते! "अहो अप्पा, व्हीलचेअर जाते एका दारातून. मी मापून आलेय."

"व्हीलचेअरचं कोण बोलायलंय?" ते थांबले, नळीतून दोनदा श्वास घेतला. "चार माणसं मला खांद्यावर घेऊन निघाली, तर त्या फटीतनं मावतील? तिरकं करून काढणार मला, कपाट काढल्यागत? हे घर मी बांधलंय. सरळ जाणार मी इथनं."

मला रडू यायला हवं होतं. पण आला तो संताप. गल्लीवरचा, कार्यालयावरचा, इतक्या दिवसांचा सगळा संताप मी त्या आजारी माणसावर काढला. "तेव्हा मी कंपाउंडची भिंत फोडीन आणि तुम्हाला थाटात नेईन! पण आत्ता मला तुम्ही जिवंत हवे आहात, कळलं?"

बाहेर ट्रकनं हॉर्न दिला. मी दारापर्यंत पोचले, तेव्हा मागून अप्पांचा आवाज आला.

"फोडशील तर डाव्या अंगाची फोड. उजवीकडनं पाण्याचा पाइप गेलाय."