न फेकलेल्या प्लेटा

“निजलेत अजून. उठतील सावकाश,” असे मामा काचेच्या प्लेटमधील जिवाणूंविषयी म्हणत. प्लेट खिडकीकडे तिरकी धरायची, एक डोळा मिटायचा आणि आतले कोणी दचकू नये अशा बेताने, हळूच हे वाक्य उच्चारायचे. तुमच्याही कामाच्या ठिकाणी असे एखादे माणूस असेल. हुद्दा सर्वांत खालचा आणि नजर सर्वांत बारीक.

चाकण रस्त्यावरील एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत आम्ही मातीतून नवी प्रतिजैविके शोधत होतो. मातीतले काही जिवाणू इतर जंतूंना मारणारे द्रव्य स्वतःच तयार करतात. असा एखादा सापडला की त्याच्याभोवतीचे जंतू मरतात आणि प्लेटवर एक स्वच्छ कडे उमटते. मी तेथे शास्त्रज्ञ होतो. मामा ठेकेदाराकडून आलेले कामगार. काचसामान धुणे आणि जुन्या प्लेटा वाफेने निर्जंतुक करून टाकणे हे त्यांचे काम.

ते मूळचे माण गावचे. शेती आयटी पार्कात गेली होती. दोन इमारतींमध्ये, ओढ्याकाठी एक चिंचोळी पट्टी तेवढी उरली होती. तिथली माती ते माझ्यासाठी रुमालात बांधून आणत. नमुना असा चालत नाही, स्वच्छ पिशवीत आणावा लागतो, असे मी एकदा समजावले. त्यांनी रुमालाकडे पाहिले. “रुमाल धुतलेला हाय, सर. आता माती बी धुऊन आणू का?”

प्लेटवर माती पसरून जिवाणू वाढू देण्याचा आमचा नियम सात दिवसांचा होता. सातव्या दिवशी प्लेटा फेकायच्या, कारण नव्यांना जागा हवी. मामांना ते कधीच पटले नाही. “हळदीला कोंब यायला महिना जातो. आठव्या दिशी उकरून कुणी फेकतं व्हय?”

अखेर त्यांनी धुण्याच्या खोलीत, कपाटामागे, पत्र्याच्या डब्यात ओढ्याकाठच्या मातीच्या काही प्लेटा जपून ठेवल्या. एके दुपारी त्यांनी डबा उघडून मला दाखवला. मी हसलो आणि म्हणालो, “राहू द्या.” परवानगी मीच दिली होती, हे येथे स्पष्ट लिहिले पाहिजे.

पुढच्याच महिन्यात तपासणीत तो डबा सापडला. जिवंत जंतू नोंदीवाचून ठेवणे हा आमच्याकडे गंभीर गुन्हा. व्यवस्थापकांनी मला खोलीत बोलावून विचारले, तुम्हाला हे ठाऊक होते का? त्या आठवड्यात माझ्या बढतीचा निर्णय व्हायचा होता. मी अतिशय शांतपणे उत्तरलो, “नाही. मला कल्पना नव्हती.” दुसऱ्या दिवसापासून मामांचे ओळखपत्र फाटकावर चालेनासे झाले.

डब्यातील प्लेटा नष्ट करण्यापूर्वी पाहून घेण्याचे काम माझ्याकडेच आले. तेवीस दिवसांच्या एका प्लेटवर खडूच्या भुकटीसारखा पांढरा ठिपका होता. तो वेगळा वाढवून जंतूंमध्ये ठेवला, तर भोवती रुपयाएवढे स्वच्छ कडे. त्याचे औषध होण्यास अजून पुष्कळ अवकाश आहे. परंतु जिवाणू नवा ठरला. शोधनिबंधात मी लिहिले की उबवणीचा, म्हणजे जिवाणू वाढू देण्याचा, काळ आम्ही हेतुपुरस्सर वाढवला. त्या ‘आम्ही’मध्ये मामा नव्हते.

चार वर्षे मी हे बाळगले. गेल्या हिवाळ्यात एका रविवारी निगडीहून निघालो आणि विचारत विचारत माणला त्यांच्या दारात पोहोचलो. मामा वाकले होते, परंतु मला पाहून लगबगीने खुर्ची पुसली. आत पत्नीला ओरडून चहा सांगितला. त्यांच्या मातीतला जिवाणू सापडल्याचे मी सांगितले, तेव्हा त्यांचा चेहरा उजळला.

“घावला म्हणजे. मला वाटलंच व्हतं.” मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, “तुमी त्या दिशी रजेवर नसता, तर मला कोण काढतंय? घरात समद्यांना मी हेच सांगतो.”

त्या समजुतीआड लपणे किती सोपे होते, हे मला त्या क्षणी जाणवले.

“मामा, मी रजेवर नव्हतो,” मी म्हणालो. “त्याच खोलीत बसलो होतो. त्यांनी मला विचारलं, आणि मी नाही म्हणालो.”

त्यांनी गुडघ्यावरचा हात काढून घेतला. रागावले असते तर मला बरे वाटले असते.

तेवढ्यात त्यांची पत्नी कप घेऊन बाहेर आली. माझ्याकडे आदराने पाहत तिने पदर सावरला आणि विचारले, “हेच का वो तुमचे सर?”

“न्हाई,” मामा म्हणाले. “हे दुसरे.”

मी तो चहा दुसरा कोणी म्हणून प्यायलो.